एका हेडफोनात दोन परीक्षा

पत्र थोडक्यात: लिहिणारी मुलगी २० वर्षांची, मूळची सांगलीकडची. पुण्यात कॉट बेसिसवर राहते, अभ्यासिकेत बसते आणि जानेवारीत सीए इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप, म्हणजे पेपरांचे दोन्ही गट, एकदम द्यायचे म्हणते. रोज आठेक तास कानात इलेक्ट्रॉनिक संगीत असतं, टेक्नो, हाऊस, सायट्रान्स. त्याशिवाय 'मेंदू सुरूच होत नाही'. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गोव्यात होणाऱ्या तीन दिवसांच्या महोत्सवाचं तिकीट तिने शिकवण्यांच्या पैशांतून काढलंय. सोबत दोन मैत्रिणी आहेत आणि त्यांना सगळे डीजे नावानिशी माहीत आहेत. आपण तिथे अडाणी दिसू नये म्हणून हिने एक्सेलमध्ये ६२ नावांची यादी केली आणि अभ्यास करताकरताच एकेकाचे सेट, म्हणजे तास-दीड तास सलग वाजवलेलं संगीत, लावायला घेतले. 'अभ्यासही होतो, तयारीही होते' असा हिशेब. प्रत्यक्षात टॅक्सची पहिली उजळणी अर्धीच झाली आहे, यादीतली १९ नावं उरकली पण 'कोणाचं काय ऐकलं ते आठवत नाही'. घरी महोत्सवाचं सांगितलेलं नाही. या धडधडीत अभ्यास होतो हेच बाबांना पटत नाही. त्यात गेल्या आठवड्यात अभ्यासिकेत तिच्या टेबलावर कुणीतरी चिठ्ठी ठेवली: 'तुमच्या हेडफोनचा आवाज बाहेर येतो.' तिचे प्रश्न असे: अभ्यासाला कोणतं संगीत लावू, महोत्सवाची तयारी कशी करू, आणि मुळात जाऊ की नको?

प्रिय 'ड्रॉपच्या प्रतीक्षेत',

टोपणनाव तुझंच आहे. आवडलं, म्हणून तसंच ठेवलं.

तुझ्या पत्रात मी अडकले ती त्या १९ नावांपाशी. १९ जण ऐकून झाले, एकही लक्षात नाही, आणि इकडे टॅक्स अर्धा. दोन्ही खात्यांवर शिल्लक शून्य! यावरून तू निष्कर्ष काढलास की 'माझं कॉन्सन्ट्रेशनच खराब आहे'. मला तुझ्या लक्षात काही खोट दिसत नाही. खोट दिसते ती हिशेबात. एकाच आवाजाने तुझं लक्ष पुस्तकावर टिकवावं आणि त्याच आवाजाकडे तू लक्षही द्यावंस, अशी तुझी अपेक्षा आहे. बिचारा आवाज तरी काय करणार?

जरा आपल्याकडचं उदाहरण घेते. मैफलीत तंबोरा सतत चालू असतो आणि दहा मिनिटांनी तो आपल्याला ऐकू येईनासा होतो. तो बंद पडला तरच कळतं. तेच तबलजीने तिहाई घेतली की हातातला चहाचा कप थांबतो आणि मान समेवर पडते. एक आवाज विसरला जावा म्हणून आहे, दुसरा तुम्हाला जागेवरून उठवावं म्हणून. इलेक्ट्रॉनिक संगीतातही ही दोन्ही घराणी आहेत, आणि आपण सगळ्याला एकच नाव देऊन मोकळे होतो. तुझे बाबा त्याला 'धडधड' म्हणतात, तू त्याला 'स्टडी म्युझिक' म्हणतेस. चुकताय दोघंही सारखेच.

ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराने १९७८ मध्ये विमानतळासाठी म्हणून एक संगीत केलं आणि त्या प्रकाराला 'अँबियंट' हे नाव दिलं. कल्पना अशी की हे संगीत ऐकलं तरी चालेल, दुर्लक्ष केलं तरी चालेल. ते तुमची बाही ओढणार नाही. तुझ्या महोत्सवातला सेट नेमका उलट बांधलेला असतो. बास काढून घेतला जातो, ड्रमरोल दुप्पट, चौपट होत जातो, फिल्टर उघडत जातो, सगळं मैदान श्वास रोखतं आणि मग ड्रॉप पडतो, म्हणजे बास आणि ठेका एकदम परत येतात. तीस-चाळीस हजार माणसांचं लक्ष एका क्षणी एका जागी आणण्यासाठी केलेली ही कारागिरी आहे. ती चालू असताना तू जीएसटीचं इनपुट टॅक्स क्रेडिट वाचायला बसतेस आणि ओळ निसटली की स्वतःला बोल लावतेस. उलट न निसटती तर मी म्हणाले असते की डीजेला काम येत नाही.

त्यात दुसरी गंमत. यादी पूर्ण करायची म्हणजे 'हा ट्रॅक कोणता' हे बघणं आलं, म्हणजे फोन हातात आला. तू पत्रात लिहिलं नाहीस, पण एका सेटमागे किती वेळा स्क्रीन उघडतेस ते एकदा मोजून बघ.

आता तुझा पहिला प्रश्न. पण त्याआधी 'संगीताशिवाय मेंदू सुरूच होत नाही' हे वाक्य मी थोडं उलटसुलट करून बघणार आहे. असं वाटणाऱ्या पुष्कळ मुलांना 'मोझार्ट इफेक्ट' ऐकून माहीत असतो. मूळ प्रयोग १९९३ चा. ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला, नंतर आकृत्या मनातल्या मनात हाताळायची एक चाचणी दिली आणि त्यांना जरा बरे गुण मिळाले. परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. एवढंच. त्यावरून अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने नवजात बाळांना शास्त्रीय संगीत वाटायची योजना काढली, ही पुढची करमणूक. नंतरच्या संशोधकांनी तपासलं तेव्हा दिसलं की किमया मोझार्टची नव्हती. आवडीचं, चपळ काहीही ऐकलं की माणूस ताजातवाना होतो आणि थोडा वेळ बरं काम करतो. यातली तुझ्या कामाची बाब बहुतेक जण वाचताना सोडून देतात: संगीत चाचणीच्या आधी ऐकवलं होतं, चाचणी चालू असताना नव्हे.

तेव्हा तुझा लाडका टेक्नो सोडू नकोस, त्याची जागा बदल. सकाळी अभ्यासिकेत शिरण्याआधी जिन्यात, नाहीतर टपरीवर चहा घेताना, दहा मिनिटं मनसोक्त ऐक. मग हेडफोन काढ आणि बस. मेंदू सुरू करायचाच असेल तर स्टार्टर तेवढाच लागतो. गाडी सुरू झाल्यावर स्टार्टर दाबून धरत नाहीत.

बसल्यावर काय लावायचं ते विषयावर ठरेल. लॉ, ऑडिट आणि टॅक्समधली वाचायची प्रकरणं, हे सगळं शब्दांचं काम आहे. इथे काही लावू नकोस असंच मी सांगेन, आणि बोल असलेलं तर नकोच नको. १९७६ पासून या विषयावर प्रयोग झालेत: माणूस क्रमाने काही लक्षात ठेवत असताना मागे कुणी बोलत असेल तर स्मरण घसरतं, बोलणं त्याला न येणाऱ्या भाषेतलं असलं तरी. 'मला जर्मन कळत नाही म्हणून जर्मन गाणं चालतं' हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. कॉस्टिंगची आणि अकाउंट्सची गणितं, जी पद्धत कळलीय आणि आता हात बसवायचाय, तिथे सपाट, बिनबोलाचं, हळू आवाजातलं संगीत अनेकांना साथ देतं. अँबियंट, डब टेक्नो, मिनिमल, किंवा लो-फाय बीट्स. व्हिडिओ गेममधलं पार्श्वसंगीतही बघ, खेळणाऱ्याचं लक्ष खेळावरून हलू नये हे बघूनच त्यातलं बरंचसं केलेलं असतं. वेग फार महत्त्वाचा नाही. १२० बीपीएमचा (मिनिटाला १२० ठोके) सरळ ठेका शांतपणे मागे पडतो, आणि ९० बीपीएमचं नखरेल काहीतरी लक्ष खेचून घेतं. बघायचं ते इतकंच: किती बदलतं आणि किती वेळाने. आणि शक्यतो शंभरदा ऐकलेलंच लाव. नवं म्हटलं की कान टवकारणारच. तक्ते उतरवणं, फाइल लावणं, नोट्सवर रंग मारणं, यावेळी तुला हवं ते लाव, मला विचारू नकोस.

मी स्वतः बी.कॉम.चे ताळेबंद विविध भारती लावून जुळवले आहेत. जुळायचेही. पण मर्कंटाइल लॉ वाचताना रेडिओ आपोआप बंद केला जायचा, आणि तो कुणी बंद केला ते माझं मलाच आठवायचं नाही. हात शहाणा असतो, त्याला विचारावं.

ते 'टॉपर्स हेच ऐकतात', '४० हर्ट्झ', 'अल्फा वेव्ह्ज' असे आठ-आठ तासांचे व्हिडिओ तू विचारलेस. बायनॉरल बीट्स ही खरी गोष्ट आहे आणि १९व्या शतकापासून माहीत आहे. एका कानात २०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २०० कंपनांचा सूर आणि दुसऱ्यात २१० चा सोडला तर मेंदूला सेकंदाला दहा ठोक्यांची थरथर जाणवते. त्याने अभ्यास पक्का होतो हा दावा मात्र तितका पक्का नाही, निष्कर्ष कुठे हो, कुठे नाही असे आहेत. आवडत असेल तर ऐक, त्याच्या भरवशावर उजळणी टाळू नकोस.

माझ्यावरही भरवसा ठेवू नकोस, सहा दिवस स्वतःवरच प्रयोग कर. तुमच्या पेपरमध्ये ३० टक्के गुण एमसीक्यूचे, म्हणजे बहुपर्यायी प्रश्नांचे असतात, तेव्हा साहित्य हाताशी आहेच. एका दिवशी शांततेत, दुसऱ्या दिवशी संगीतात, एकाच विषयाचे २० एमसीक्यू आणि कॉस्टिंगची दोन गणितं, घड्याळ लावून. बरोबर किती, वेळ किती, लिहून ठेव. 'वाटतं' हा रकाना ठेवायचा नाही. संगीत लावलं की अभ्यास छान झाला असं वाटतं ही सगळ्यात फसवी गोष्ट, कारण वेळ छान गेलेला असतो.

एवढं मात्र प्रयोग न करता सांगते: परीक्षेच्या हॉलमध्ये तीन तास फक्त पंख्याचा आवाज असतो. ज्या मेंदूला आठ महिने टेक्नोची सवय लावली, त्याला त्या दिवशी पहिल्यांदा शांतता भेटू नये. डिसेंबरपासून सगळे सराव पेपर हेडफोनशिवाय दे, खऱ्या पेपरच्या वेळेलाच.

आता महोत्सवाची तयारी. तू पत्रात 'माझा तिकडचा सिलॅबस पण राहिलाय' असं लिहिलंस, बहुधा गमतीत. मला ती गंमत वाटली नाही. परीक्षेच्या धबडग्यातून तीन दिवस सुटका हवी म्हणून तू तिकीट काढलंस आणि लगेच त्याचीही परीक्षा केलीस: ६२ धडे, एक्सेल, मागे पडल्याची लाज, आणि मैत्रिणी म्हणजे रँक होल्डर. कुणी सांगितलं की नावं पाठ असल्याशिवाय नाचता येत नाही? पुण्यात डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असतो, १९५३ पासून. तिथे राग न ओळखणारी माणसं मांडवात वर्षानुवर्षं येतात, घरून थर्मास आणतात, न कळताही तल्लीन होतात. शेजारी बसून 'हा मारवा की पूरिया' म्हणून दुसऱ्याची परीक्षा घेणारे काकाही असतात. त्या काकांना नेहमी जास्त आनंद होत असतो असं मला कधी दिसलं नाही. तुझ्या मैत्रिणी त्या काकांच्या वाटेवर आहेत एवढंच.

यादीतली पाच नावं ठेव. पाचच. अभ्यास संपल्यावर संध्याकाळी तासभर पर्वती नाहीतर तळजाई चढायला जा आणि चालताना त्यातल्या एकाचा सेट ऐक. पुरा ऐक, मध्ये फोन न काढता. रस्ता ओलांडताना मात्र एक कान मोकळा हवा. बास कधी गेला, हाय-हॅट (ती झांजेसारखी चिकचिक) कधी आली, चार मात्रांची आठ आवर्तनं झाली की काहीतरी नवं येतं का, असं मोजत ऐक. आपल्याकडे टाळी-खाली मोजणाऱ्याला हे अवघड नाही. पाच संध्याकाळी पाच सेट असे ऐकलेस तर त्या १९ पेक्षा जास्त ऐकलं गेलं असेल. शिवाय पाय तयार होतील, आणि गोव्यात खरी गरज पायांचीच असते: वाळू-मातीवर सहा-सात तास उभं राहायचं असतं.

आणि मैत्रिणींसमोर काही टाकायचंच असेल तर चरणजित सिंग यांची गोष्ट सांग. मुंबईत हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारा हा वादक. त्यांनी १९८२ मध्ये जपानी रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेतली: टीआर-८०८ तालाला, टीबी-३०३ बासला आणि ज्युपिटर-८ सुरांना. त्यावर भैरव, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून रेकॉर्ड काढली. ती फारशी कुणी घेतली नाही. टीबी-३०३ हे यंत्रही बाजारात आपटलंच होतं. पुढे शिकागोच्या पोरांनी तेच यंत्र स्वस्तात उचललं, त्याच्या खुंट्या वेड्यावाकड्या पिळल्या आणि १९८७ मध्ये त्यातून 'अ‍ॅसिड हाऊस' या नव्या नृत्यसंगीताचा पहिला गाजलेला ट्रॅक बाहेर आला. सिंग यांची रेकॉर्ड २०१० मध्ये परदेशात पुन्हा निघाली तेव्हा ऐकणारे चक्रावले: हे तर शिकागोच्या पाच वर्षं आधीचं! त्यांनी ते अ‍ॅसिड हाऊस म्हणून केलंच नव्हतं. त्यांच्या दृष्टीने ते नव्या वाद्यावर वाजवलेले राग होते. २०१५ मध्ये ते गेले. त्यांचा यमन एकदा ऐक. पण अभ्यास करताना नको.

तू ज्या गोव्यात चालली आहेस त्याच गोव्याच्या नावाने 'गोवा ट्रान्स' जगभर ओळखला गेला आणि त्यातून तुझा सायट्रान्स निघाला. हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यांवर त्या काळी रेकॉर्डऐवजी कॅसेटवर वाजवायचे. गरमीत आणि वाळूत रेकॉर्ड टिकणार कुठे? सिलॅबस म्हणून हे वाचू नकोस, बसमध्ये गप्पांना बरं पडेल.

आता जरा काळजीचं बोलते, कारण तुझ्या पत्रात कानांबद्दल एक शब्दही नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्यांसाठीचा ठोकताळा असा की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक. आणि दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. तू कॉमर्सची आहेस, घसारा काढतेस तसा काढ: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच. १०१ पर्यंत पोचशील तेव्हा आठवड्याचा कोटा जेमतेम १९ मिनिटांचा उरलेला असेल. मोठ्या स्पीकरसमोर १०० सहज असतो. तू रोज आठ तास, सहा दिवस ऐकतेस, म्हणजे ४८ तास. आवाज नेमका ८० वर ठेवलास तरी तू महोत्सवाला जाण्याआधीच कोटा ओलांडलेला असतो. बऱ्याच फोनमध्ये हेडफोनचा डेसिबल दाखवायची सोय असते, आज बघ.

दोन-तीन वर्षांपूर्वी मी विसर्जन मिरवणुकीत एका मंडळाच्या स्पीकरच्या भिंतीसमोर दहाएक मिनिटं अडकले, गर्दीने पुढे जाता येईना. दोन दिवस कानात कुकरची शिट्टी. माझी गेली ती शिट्टी. सगळ्यांची जात नाही, आणि आतल्या कानातल्या त्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

म्हणून इअरप्लग घे. कापसाच्या बोळ्याने काही होत नाही. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे चालतात, पण त्यात संगीत गोधडीखालून आल्यासारखं येतं. संगीतासाठी म्हणून फिल्टर असलेले मिळतात, ते सगळे सूर सारखेच खाली आणतात. १५ डेसिबल कमी झाले तरी १०१ चे ८६ होतात आणि १९ मिनिटांचे १० तास. हिशेब तुझ्यासमोर आहे. स्पीकरला चिकटून उभं राहायचं नाही, तासाभराने लांब जाऊन कानाला विश्रांती द्यायची.

बाकीचं भराभर सांगते. नवे बूट तिथे घालायचे नाहीत, महिनाभर वापरलेले घालायचे. पाणी सोबत ओआरएसचं पाकीट घालून. नाचताना नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर पिणंही धोक्याचं असतं, रक्तातलं सोडियम उतरतं. गर्दीत नेटवर्क कोलमडतं, म्हणून आत गेल्यागेल्या भेटायची एक जागा आणि वेळ ठरवा आणि राहायच्या जागेचा पत्ता कागदावर लिहून खिशात ठेव. कोणी नशेची 'गोळी' किंवा 'एमडी' पुढे केली तर नाही म्हण. त्यात काय मिसळलंय ते देणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली नुसतं जवळ सापडणंही गुन्हा आहे. सोबतच्या कुणाला त्रास झाला तर लपवाछपवी करत बसू नका, वैद्यकीय तंबूत न्या, नाहीतर १०८ लावा. काय घेतलंय ते डॉक्टरला खरं सांगा.

आता जायचं की नाही.

तू लिहिलंस, 'तिकिटाचे पैसे गेलेत म्हणून जावंच लागेल.' हे वाक्य पेपर चारच्या, म्हणजे कॉस्टिंगच्या विद्यार्थिनीने लिहावं? गेलेले पैसे ही संक कॉस्ट. निर्णयात ती धरायची नसते हे तू उत्तरपत्रिकेत तीनदा लिहून आली असशील. धरायचं ते पुढचं. दोन रात्री प्रवासाच्या, तीन रात्री मैदानात, नंतर एक दिवस झोपेचा. शेवटच्या उजळणीच्या दिवसांतून सहा दिवस गेले. पेपर जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच सुरू होतात. दुसरीकडे हेही खरं की २०२४ पासून इंटरची परीक्षा वर्षातून तीनदा होते. जानेवारी हुकली तर जगबुडी नाही. पण दोन्ही ग्रुप निघाल्याशिवाय आर्टिकलशिप, म्हणजे सीएकडची उमेदवारी, सुरू होत नाही, आणि ती पुढची दोन वर्षं चार महिन्यांनी सरकतात. ही तुझी खरी किंमत. ती द्यायची की नाही ते तूच ठरवशील, फक्त ती किंमत आहे हे कबूल करून ठरव.

'आता फक्त एकच ग्रुप देते' हा मधला मार्ग दिसतो. फॉर्म नोव्हेंबरात भरायचा असतो म्हणून त्याचा विचार आत्ताच कर. मला तो अर्धाच आवडतो. प्रत्येक पेपरात ४० आणि एकूण ५० टक्के लागतात. दोन्ही ग्रुप एकत्र दिले तर एका ग्रुपचे चांगले गुण दुसऱ्याला सांभाळून घेतात, एकेक दिला तर ती सोय जाते. पण टॅक्स डिसेंबरातही अर्धाच असेल तर सांभाळून घ्यायला काही उरणारच नाही, तेव्हा एक नीट देणं बरं.

मी तुझ्या जागी असते तर एकच दिवस गेले असते. शेवटच्या दिवशीची दंगल सोडून पहिल्याच दिवशी, कारण परत येऊन झोप भरून काढायला वेळ जास्त मिळतो. एक रात्र जायला, एक नाचायला, एक यायला. १५ डिसेंबर ही तारीख ठेवली असती: तोवर सगळ्या विषयांची एक उजळणी आणि शांततेत दिलेले दोन सराव पेपर झाले तर जायचं, नाहीतर आयोजकांच्या नियमात बसत असेल तसं तिकीट दुसऱ्याला देऊन टाकायचं. गाडीचंही बघ: रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं आणि वर्षअखेरीला गोव्याच्या गाड्या बघताबघता भरतात, खासगी बसचे दर तर आकाशाला भिडतात. मैत्रिणी तीन दिवस राहणार असल्या तर तुझ्या परतीच्या रात्री बसस्टँडपर्यंत कोण सोडणार, हे आधी ठरलेलं असलं पाहिजे. एकटीने रात्री टॅक्सी शोधत फिरायचं नाही.

तू तीनही दिवस जायचं ठरवलंस, तरी मी रागावणार नाही. मे महिन्यातल्या परीक्षेची तयारी करते असं स्वतःला आणि घरी स्पष्ट सांगून जा. 'दोन्ही करते' असं म्हणत जाऊ नकोस.

घरी म्हटलं, कारण बाबांचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. तुला वाटतंय, सांगितलं तर नाहीच म्हणतील. म्हणतीलही. पण न सांगता गेलीस तर काय होतं ते मी बऱ्याच घरांत पाहिलंय. रात्री साडेनऊला सांगलीहून फोन येतो. मैदानात रेंज नसते. चार वेळा लागत नाही म्हटल्यावर बाबा तुझ्या रूममेटला लावतात, ती तत-पप करते, मग तिच्या आईला फोन जातो, आणि अकराच्या सुमाराला दोन घरं जागी असतात. तुझा ड्रॉप पडतो तेव्हा तिकडे देव पाण्यात घातलेले असतात.

फोनवर सांगू नकोस, जाऊन सांग. सहा दिवसांच्या प्रयोगाचा तो कागद घेऊन जा. संगीतात किती, शांततेत किती, बाबांसमोर ठेव. 'बाबा, तुमचं लॉच्या बाबतीत बरोबर निघालं, कॉस्टिंगच्या बाबतीत माझं' असं म्हणता आलं तर अर्धी लढाई तिथेच संपते. मग वेळापत्रक, १५ डिसेंबरची अट, कोणाबरोबर, कुठे राहणार, परत कधी, हे सगळं. परवानगी मागायची की कळवायचं, हा तुझ्या घरातला प्रश्न आहे, त्यात मी पडत नाही. पैसे तुझे आहेत, वय तुझं आहे. पण फोन लागला नाही तर किती वाजेपर्यंत काळजी करायची नाही, एवढं तरी त्यांना माहीत असू दे. आणि जमलं तर हेडफोन त्यांच्या कानाला लावून चरणजित सिंगांचा भैरव ऐकव. धडधड तीच आहे, राग मात्र त्यांच्या ओळखीचा निघेल.

राहिली ती चिठ्ठी. तुला ती लागली, 'इतकी जळकी माणसं' असं तू लिहिलंस. अभ्यासिकेत हाय-हॅटची ती चिकचिक शेजारच्याला कशी ऐकू येते ते एकदा तिकडच्या खुर्चीत बसून बघ. हेडफोन बाहेर ऐकू येतोय म्हणजे एकतर तो मागून उघडा आहे, नाहीतर आवाज फार आहे, आणि तुझ्या आठ तासांचा हिशेब वर झालाच आहे. आवाज दोन खाचा खाली आण. ज्याने कुणी ती लिहिली असेल त्याने वरती जाऊन तक्रार करायची सोडून तुलाच लिहिलं, तेही 'तुमच्या' म्हणून. त्याच कागदाच्या मागे 'सॉरी, आता येतोय का?' एवढं लिहून टेबलावर ठेव.